नीट तिसऱ्यांदा नको

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, नंबर लागला नाही. क्लासची फी कर्ज काढून भरली. अजून एक वर्ष द्यावं असं आम्हाला वाटतं. ती मात्र प्राणिशास्त्र शिकून संग्रहालयातल्या पक्ष्यांवर काम करायचं म्हणते. फोटो असताना मेलेली पाखरं कशाला हवीत? हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. तिला कसं समजवावं? – एक पालक, नंदुरबार

उत्तर : दादा, कर्जाचा ताण मला कळतो. पण तुमच्या पत्रातलं ‘हल्ली बोलत नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन वर्षं अपयश पचवून या मुलीने स्वतःची वाट शोधली, आणि तुम्ही तिला समजवायला निघालात. कर्ज तुम्ही काढलंत, त्याचं ओझं तिच्या डोक्यावर देऊ नका. तिसरं वर्ष नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता मेलेल्या पाखरांविषयी. रानपिंगळा हे घुबड १८८४नंतर कुणाला खात्रीने दिसलं नव्हतं. १९१४ची गुजरातमधली एक नोंद होती, तिच्यामुळे शोध भलतीकडेच चालायचा. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी संग्रहालयांतले जुने नमुने, म्हणजे आत कापूस भरून जपलेले पक्षी, बारकाईने तपासले. १९१४चा म्हणून दाखवलेला पक्षी डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने कितीतरी आधी खानदेशात गोळा केलेला निघाला. तो चोरून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाद झाली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध सुरू झाला. नोव्हेंबर १९९७मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, रानपिंगळा जिवंत दिसला. कुठे? तुमच्याच जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ.

हे फोटोवरून उकललं नसतं. फोटोतून पक्षी कुणी आणि कसा भरला ते कळत नाही, डीएनए मिळत नाही, अंड्याच्या कवचाची जाडी मोजता येत नाही. ब्रिटनमध्ये रॅटक्लिफ या पक्षी-अभ्यासकांनी जुन्या संग्रहांतली अंडी तपासली, तेव्हाच ससाण्यांच्या अंड्यांची कवचं १९४७च्या सुमारापासून पातळ झाल्याचं समजलं आणि संशय डीडीटी या कीटकनाशकावर गेला. अंडी गोळा करणाऱ्यांना डीडीटी ठाऊकही नव्हतं. पुढे कोणता प्रश्न पडेल हे माहीत नसतं, म्हणून तर नमुने जपायचे.

बीएस्सी, मग एमएस्सी, पुढे पीएचडी, असा रस्ता आहे. कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि वेळ लागतो, हे तिलाही सांगा. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र इथे चौकशी करा. जाताना तिला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.