"एवढा मोठा झाला तरी कार्टूनच बघतो!"

ही तक्रार पूर्वी माझ्याकडे, समुपदेशनासाठी, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईवडील घेऊन यायचे. हल्ली ती कमावत्या, पंचविशी ओलांडलेल्या माणसांबद्दलही येते. सांगणारा बहुतेक वेळा हसत हसत सुरुवात करतो आणि दोन मिनिटांत त्याचा आवाज बदलतो. कारण भीती कार्टूनची नसतेच. हा माणसांतून उठला की काय, ही असते.

या गोष्टीतली तक्रार मोठ्या बहिणीची होती. (दोघांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) भाऊ २८ वर्षांचा, अकाउंट्समध्ये, नोकरी बदलून काही महिने झालेले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन, घरी जेवताना समोर मोबाईल, आणि दोन्हीकडे एकच जुनी मालिका. "मॅडम, नवीन काही बघेल तर तेही नाही. पाठ आहे सगळी. एवढा घोडा झालाय, पण तो निळा येडा 'स्पून!' म्हणून ओरडला की हा खुदकन हसतो. चमचा! यात हसण्यासारखं काय आहे?"

भाऊ पुढच्या वेळी आला. ताईच्या समाधानासाठी आलोय, हे त्याने खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. झोप, भूक, काम, पैसे, व्यसन, हे सगळं मी रीतसर विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही आडून न विचारता सरळ विचारलं. नाही म्हणाला, आणि नजर न चुकवता म्हणाला. झोप ठीक होती, कामं वेळेवर होत होती. ऑफिसात मात्र दिवसभरात कामापलीकडे एक वाक्यही बोलणं होत नव्हतं, आणि रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा.

मालिका किती वेळ बघतोस, हे मी विचारलं नाही. त्या प्रश्नाला लोक खोटं तरी सांगतात किंवा चिडतात. "कुठला भाग सगळ्यांत जास्त वेळा बघितलास?" एवढंच विचारलं आणि बोलणं सुरू झालं.

मालिका होती 'द टिक'. बेन एडलंड या अमेरिकन चित्रकाराने हे पात्र १९८६ मध्ये कॉमिक्स विकणाऱ्या एका दुकान-साखळीच्या वार्तापत्रासाठी काढलं. पुढे त्याचं कॉमिक आलं आणि १९९४ ते १९९६ या काळात फॉक्सवर ही ॲनिमेशन मालिका चालली. तीन सीझन, ३६ भाग. नायक गोचिडाच्या नावाचा, निळाशार, अवाढव्य, जवळपास काहीच इजा न होणारा आणि डोक्याने यथातथा. त्याच्याभोवती सगळे सुपरहिरो उणे-अधुरे. एक वटवाघळाच्या वेशातला, पण संकट दिसलं की आधी पळणारा. आणि टिकचा जोडीदार आर्थर, ज्याच्या अंगात कसलीच शक्ती नाही. आर्थर अकाउंटंट असतो. ऑफिसात पतंगाचा, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या किड्याचा, पोशाख घालून येतो म्हणून त्याची नोकरी जाते. पोशाखाच्या डोक्यावरच्या, किड्याला असतात तशा मिशा अशा काही उभ्या असतात, की जो तो त्याला ससाच समजतो.

त्याने मोबाईलवर एक तुकडा दाखवला. मी पडद्यापेक्षा त्याच्याकडे जास्त बघत होते. विनोद यायच्या क्षणभर आधी तो हसायचा, आणि त्या हसण्याबरोबर त्याचे कानाशी चिकटलेले खांदे खाली यायचे. दिवसभर हा मुलगा चेहरे वाचत असतो: हे माझ्यावर हसले का, मी आत्ता बोलायला हवं होतं का, 'गुड मॉर्निंग'ला उत्तर का आलं नाही. पाठ झालेल्या भागात यातलं काहीही नसतं. तिथे कोणी अचानक वेगळं वागत नाही. याला मी आजार म्हणत नाही, विश्रांती म्हणते.

आवडतं पात्र आर्थरच असणार, असं कोणालाही वाटलं असतं. अकाउंट्सचा माणूस, अकाउंटंट पात्र. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नव्हती. पण त्याने नाव घेतलं सूअर अर्चिनचं (इंग्रजीतला 'सूअर', म्हणजे गटार). हा गटारात वावरणारा, काटेरी पोशाखाचा हिरो. अंगाला एवढा वास, की बाकीचे हिरो चार हात लांब राहतात. एका भागात मात्र सगळे खाली गटारांच्या जाळ्यात उतरतात आणि बघतात तर काय, तिथे या माणसाचा रुबाब! अदबीने बोलणारा, खडान्‌खडा माहिती असलेला, सगळे मान देतायत असा.

मी विचारलं, "मग तुझं गटार कुठलं?"

तो मोठ्याने हसला, मग बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बँक रिकन्सिलिएशन." महिनाअखेरीला पुस्तकातली शिल्लक आणि बँकेचं स्टेटमेंट जुळत नाही, फरक सापडत नाही, सगळे वैतागून उठतात, तेव्हा याला मजा यायला लागते. कुठे आकडे उलटे पडलेत, कुठला चेक पुढच्या महिन्यात वटलाय, हे त्याला दिसतं. जुन्या ऑफिसात लोक फाइल घेऊन त्याच्या टेबलाशी यायचे. नव्या ऑफिसात हे अजून कोणाला ठाऊकच नव्हतं, आणि कानात इअरफोन असताना कळायला वावही नव्हता.

"मला सगळ्यांत मिसळता आलं पाहिजे" असं म्हणत बरेच जण येतात. ते उद्दिष्ट मी सहसा मान्य करत नाही. जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्यांना आवडायची काय गरज आहे? एक काम असं हवं, जे आपल्याकडे आणावंसं लोकांना वाटेल, आणि एक माणूस असा, ज्याच्यासमोर अवघडायला होत नाही. आर्थरला तरी काय मिळालं? शहर त्याला ससाच म्हणत राहतं, पण टिकला तो हास्यास्पद वाटत नाही, आणि तेवढ्यावर त्याचं चालतं.

एका गोष्टीवर मात्र मी बोट ठेवलं. ऑफिसात कोणी काही विचारलं की हा आधी स्वतःचीच टिंगल करायचा: "माझं काय, मी आपला कोपऱ्यातला." दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून मोकळं व्हायचं. मालिकेत ते गोड वाटतं. ऑफिसात त्यामुळे समोरच्याला पुढे काही बोलायलाच सुचत नाही.

ठरलं ते असं: आठवड्यातून दोन दिवस जेवताना इअरफोन बॅगेत. बोलायची सक्ती नाही, नुसतं इतरांबरोबर बसायचं. महिनाअखेरीला शेजारच्याला एकदा विचारायचं, "तुमचा फरक सापडला का?" आणि ताईंनी त्याच्यासोबत एक भाग पूर्ण बघायचा, शेरा न मारता.

ताईंनी बघितला. नेमका आर्थरची बहीण डॉट असलेला. तिला भावाचं हे सुपरहिरोपण अजिबात पसंत नसतं. पुढच्या भेटीत ताई तणतणतच आल्या. "म्हणजे मी ती कटकटी बहीण का? आणि ती चुकली कुठे? अंगात ताकद नाही, आणि भाऊ गच्च्यांवरून उड्या मारतोय. काळजी नको वाटायला?" मी म्हटलं, अगदी बरोबर आहे तिचं. भाऊ म्हणाला, "पण ताई, त्याला पंख आहेत! तो उडतो!" मग डॉटवरून त्या दोघांची जी जुंपली, त्यात मला फारसं काही करावं लागलं नाही. एवढं सलग बोलणं त्यांच्यात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, हे ताई नंतर म्हणाल्या.

ऑफिसात काही चमत्कार घडला नाही. सुरुवातीला इअरफोन दहा मिनिटांत परत कानात गेले. पुढे कधीतरी एकाने त्याच्या मोबाईलचा वॉलपेपर बघून विचारलं, "हा ससा कोण?" "ससा नाही, पतंग आहे." त्या सहकाऱ्याला मालिकेत काडीचा रस नव्हता. पण तेवढ्यावर ओळख झाली, आणि महिनाअखेरीला तो न जुळणारी खातेवही घेऊन याच्या टेबलाशी आला. रविवारचा पोटातला गोळा कमी झालाय, गेलेला नाही. आम्ही अजून भेटतो.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर तीच मालिका पुन्हा पुन्हा बघण्याने धास्तावू नका. झोप उडाली, कामाला दांड्या पडू लागल्या, अंघोळ-जेवण टळू लागलं, किंवा ती लाडकी मालिका लावूनही हसू येईनासं झालं, तर थांबू नका. विशेषतः हे शेवटचं. आवडीच्या गोष्टीतली गोडी जाणं हे नैराश्याचं महत्त्वाचं लक्षण आहे. अशा वेळी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि मरणाची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी.

निघताना ताईंनी विचारलं, "म्हणजे कार्टून बंद कर म्हणायचं नाही?" नाही. जेवताना मोबाईल बाजूला ठेव, एवढं म्हणा. भाऊ लगेच म्हणाला, "मॅडम, हे तिलाही सांगा." सांगितलं.