आकडे दाखवूनही शिकलेली माणसं राजकीय मत का बदलत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोथरूडच्या सोसायटीत इंजिनिअर, सीए, डॉक्टर राहतात, तरी ग्रुपवर पक्षाचा विषय निघाला की पुरावा दाखवूनही कुणी तसूभर हलत नाही. मग शिक्षण गेलं कुठे?

शिक्षण कामाला लागलेलंच असतं, फक्त बाजू आधी ठरलेली असते. येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे अकराशे लोकांना एक तक्ता दिला. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांत १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम उपयोगी की नाही? २२३ डोळ्यांत भरतो, म्हणून बरेच जण ‘उपयोगी’ म्हणून मोकळे होतात. टक्केवारी काढली तर लावणारे ७५ टक्के बरे झाले आणि न लावणारे ८४ टक्के. म्हणजे मलम न लावलेलंच बरं. गणितात पक्के असलेल्यांना हे जास्त जमलं. मग तसेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हेगारी या नावाखाली दिले, तेव्हा डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन समर्थकांमधली दरी या हुशार मंडळींतच सर्वांत रुंद निघाली. पहिल्या नजरेत आकडा सोयीचा दिसला की ते तिथेच थांबत. गैरसोयीचा दिसला की मात्र भागाकार करायला बसत.

हा झाला पूर्वग्रह. पण माझ्या मते तुमच्या सोसायटीतली कटुता त्यातून येत नाही, ती गटवारीतून, म्हणजे ‘आपले’ आणि ‘ते’ या विभागणीतून येते. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या तर बरंच कोडं सुटतं. हेल्मेटसक्तीचंच बघा. पुण्यात तिला विरोध सर्वपक्षीय. युक्तिवाद एकाहून एक अजब, हेकेखोरपणा पुरेपूर, पण हेल्मेट घालणाऱ्या शेजाऱ्याला कुणी देशद्रोही म्हणत नाही. कारण हेल्मेट कुठल्या पक्षाचं, जातीचं किंवा पेठेचं नाही. राज्यशास्त्राच्या अभ्यासक लिलियाना मेसन यांनी अमेरिकेबद्दल हेच मांडलंय. वंश, धर्म, राहण्याची जागा आणि पक्ष एकाच रेषेत आले, की धोरणांवर फार मतभेद नसतानाही द्वेष वाढतो.

आपल्याकडे फ्लॅट कुणी पक्ष बघून घेत नाही. पाणी टँकरचं की पालिकेचं, पार्किंग, शाळा किती लांब आणि चौरस फुटाचा भाव एवढंच बघतो. पण भावानं एक चाळणी लागते, ‘आपल्यातली माणसं आहेत’ यानं दुसरी, आणि मग गाव, जात, पेशा, सकाळचा पेपर, फॉरवर्ड पाठवणारा मामेभाऊ, सगळं एका साच्यातलं होतं. त्या मानानं ढोलताशा पथकात चार भागांतली पोरं एकत्र येतात. तिथे राजकारणावरून वाद झाला तरी दुसऱ्या दिवशी सरावाला शेजारी उभं राहावंच लागतं.

पक्ष आधी आणि मत नंतर, याचा पुरावा हवा असेल तर महाराष्ट्राइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. नोव्हेंबर २०१९, जून २०२२, जुलै २०२३: युत्या बदलल्या, पक्ष फुटले. आपल्या जुन्या ग्रुपमध्ये या तारखांच्या आधीचे आणि नंतरचे मेसेज शोधून वाचा, आधी स्वतःचे. कालचा भ्रष्ट माणूस आज अनुभवी नेता कसा झाला, ते दिसेल. कुठल्याच बाजूनं यात हसण्यासारखं काही नाही.

आता करायचं काय? ग्रुपवर लिंक टाकून दुरुस्ती करू नका. दोनशे शेजारी बघत असताना माणूस तुम्हाला उत्तर देत नसतो, तो त्यांच्यासमोर आपली अब्रू राखत असतो. खासगीत सांगा, आणि खरी गोष्ट आधी लिहा. खोट्या फॉरवर्डचा स्क्रीनशॉट जोडला की तीच ओळ पुन्हा डोळ्यांखालून जाते, आणि पुन:पुन्हा वाचलेलं खरं वाटू लागतं हे १९७७ पासून प्रयोगांत दिसलंय. दुरुस्तीनं माणूस आणखी अडून बसतो असं २०१० च्या एका अभ्यासानंतर सर्रास म्हटलं जायचं, पण २०१९ मध्ये ५२ विषयांवर तपासलं तेव्हा तसं फारसं आढळलं नाही. सहसा आकडा मान्य होतो, नेता मात्र तोच राहतो. तेवढीच अपेक्षा ठेवा.

‘का’ विचारण्यापेक्षा ‘कसं’ विचारणं जास्त उपयोगी. पुण्यातल्या मिळकतकराची ४० टक्के सवलत कुणामुळे गेली आणि कुणी परत आणली, यावर तासभर भांडता येतं. त्याऐवजी विचारा, ही सवलत नेमकी कशावर मिळते, एकूण बिलावर की करयोग्य रकमेवर? त्या सवलतीसाठीचा पीटी-३ अर्ज कुणी भरायचा? भाड्यानं दिलेल्या फ्लॅटचं काय? दोन-तीन प्रश्नांत बोलणाऱ्याला आपलं ज्ञान कुठे संपतं ते कळतं आणि आवाज उतरतो. ‘का’ विचारलंत तर तो आणखी कारणं रचत बसेल. ही युक्ती सुद्धा दर वेळी चालत नाही. प्रश्नाचा सूर परीक्षकाचा झाला की ती तिथेच फसते.

आरक्षण किंवा धर्म यांसारख्या विषयांत मात्र ‘कसं’ चालत नाही, कारण तिथे वाद यंत्रणेचा नसतो. त्यासाठी समोरासमोर दहा मिनिटं काढा, त्याला स्वतःला कधी कमी लेखलं गेलं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. ब्रूकमन आणि काला या अमेरिकी संशोधकांच्या मायामीतल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तृतीयपंथीयांविषयीचा आकस अशा गप्पांनी कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो फरक टिकून होता. ते संभाषण दारात, एकट्या माणसाशी झालं होतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे करायला जाऊ नका.