समुद्रकाठी असूनही हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी खराब का होते?

तुम्ही विचारलंय की मुंबईला समुद्राची साथ आहे, मग जुलैत लख्ख दिसणारी समोरची इमारत डिसेंबरात धुरकट का दिसते? 'पाऊस हवा धुऊन काढतो' हे उत्तर सगळीकडे मिळेल. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

सरी जाडसर धूळ (पीएम10) चांगली खाली आणतात. अतिसूक्ष्म कण (पीएम2.5) मात्र थेंबांच्या तावडीतून बरेच निसटतात. पावसाळ्यात खरं काम करतो तो नैर्ऋत्येचा वारा. अरबी समुद्रावरून येताना त्याच्यात मीठ आणि बाष्पच जास्त, शिवाय जोर असा की शहरातला धूर साचूच देत नाही. जमीन ओली असल्याने रस्त्यांची आणि बांधकामांची धूळही कमी उडते. गाड्या, बेकऱ्यांच्या भट्ट्या, चेंबूर-माहुलचे कारखाने जुलैतही चालूच असतात, हे विसरू नका.

साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस माघार घेतो आणि चित्र पालटतं. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? हिवाळ्यात मुंबईची हवा त्यांच्याच हाती असते. रात्री आणि सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, मंद वारा वाहतो आणि शहराचा धूर समुद्रावर ढकलतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की हवा हलते, पण रात्री समुद्रावर गेलेल्या धुरातला काही भाग त्याच वाऱ्याबरोबर परतही येतो! खारे वारे उशिरा सुटले किंवा कमजोर पडले, की तो दिवस वाया गेला समजा.

त्यात रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार, असा उलटा प्रकार होतो आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खाली अडकतो. दुपारी कण मिसळायला किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त उंची मिळते, तर पहाटे जेमतेम काहीशे मीटर. धूर तेवढाच, जागा कमी. पहाटे कुठे शेकोटी पेटली असेल तर बघा: धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. दमटपणामुळे कण पाणी शोषून फुगतात, म्हणून धुरकं असतं त्याहून दाट दिसतं.

दिल्लीशी तुलना मला फारशी पटत नाही. तिथे समुद्र नाही, उत्तरेला हिमालय आहे, थंडी कडक, झाकण अधिक घट्ट. शिवाय पंजाब-हरियाणात जाळलेल्या पराळीचा, म्हणजे भाताच्या खुंटांचा, धूर. तरी 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा काही दिवस दिल्लीपेक्षा वाईट होती. सलग तिसऱ्या वर्षीच्या ला निनामुळे (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होण्यामुळे) मुंबईचे वारे मंदावले, असं कारण तेव्हा शास्त्रज्ञांनी दिलं होतं.

जोराचा वारा म्हणजे स्वच्छ हवा, असंही नेहमी नसतं. 23 जानेवारी 2022 ला पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईतल्या गाड्यांवर पांढरट थर बसला होता.

2023 मध्ये महापालिकेने 70 मीटरहून उंच बांधकामांभोवती 35 फुटी पत्रे लावायला सांगितले. त्याने जाड धूळ अडेल, पण पहाटेच्या झाकणाखाली साचणाऱ्या पीएम2.5 चं काय?

आणि हो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा 24 तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, त्या क्षणाचा नाही. दमा असेल, घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेचं फिरणं सोडा. खारे वारे सुटल्यावर, दुपारी तीन-चारनंतर बाहेर पडा, तेही हमरस्ता टाळून.