भावाचं कप्तानाशी बिनसलंय, मी काय करू?

ताई, तुमचा धाकटा भाऊ समुद्री जीवशास्त्रज्ञ, सर्वेक्षण जहाजावर पहिल्यांदाच गेलेला. कप्तानाने रात्री प्लवकाचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, जाळं टाकू दिलं नाही, भावाने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, सगळ्यांदेखत आवाज चढवला. आता बोलणं बंद, आणि तो मेसमध्ये जेवायलाही जात नाही. संस्थेच्या संचालकांना पत्र लिहू का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता लिहू नका. ते पत्र फिरून कप्तानाकडेच जाईल आणि उरलेली सफर भावाला त्याच माणसाबरोबर काढायची आहे.

आधी त्याला विचारा, नकाराचं कारण काय होतं? पुष्कळदा ते विंच, म्हणजे जाळ्याची तार सोडणारं-ओढणारं यंत्र, चालवणाऱ्याच्या झोपेत असतं. खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, तिची नोंद तपासली जाते. हवामान, जहाज आणि माणसांची सुरक्षितता यांत शेवटचा शब्द कप्तानाचाच. तिथे वाद घालून काही मिळत नाही. वेळेबाबत मात्र बोलता येतं, आणि भावाने सगळा जोर तिथेच लावावा.

माफी ब्रिजवर नको, वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपल्यावर कप्तानाच्या केबिनमध्ये मागावी. फक्त आवाज चढवल्याबद्दल; कामाची मागणी सोडायची नाही. मग मुख्य शास्त्रज्ञामार्फत रोज संध्याकाळी उद्याचा एक कागद द्यावा: ठिकाण, पोचायची वेळ, वेग, डेकवर किती माणसं, किती मिनिटं. 'थोडा वेळ लागेल' हे कप्तानाला सर्वांत नकोसं वाक्य. २०० मीटर खोलीपर्यंत तिरकं जाळं ओढायचं तर ४५ अंशाच्या कोनात सुमारे २८३ मीटर तार लागते. मिनिटाला ५० मीटरने सोडली आणि २० मीटरने ओढली, तर २० मिनिटं. जहाज हळू करणं आणि जाळं धुणं धरून पाऊण तास मागावा, आणि तो पाळावा. रात्रीचं जाळं हवंच असेल, तर त्याबदल्यात दिवसाचं कोणतं सोडायला तयार आहे, तेही लिहावं. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिन या विषारी द्रवाच्या बाटल्या जेवणघराजवळ किंवा उघड्या डेकवर ठेवत असेल, तर ते आजच थांबवावं. भांडणं तिथूनही पेटतात.

जेवणाचं मला जास्त वाटतं. १८३२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर गुलामगिरीवरून निसर्गशास्त्रज्ञ डार्विनचं त्याच्या जहाजाचा कप्तान फिट्झरॉयशी कडाक्याचं भांडण झालं. आता एका मेजावर जेवणं संपलं असं वाटत असतानाच इतर अधिकाऱ्यांनी त्याला आपल्या मेसमध्ये बोलावलं. काही तासांत फिट्झरॉयनेच माफी मागितली, आणि डार्विन १८३६ पर्यंत त्याच जहाजावर राहिला. तुमच्या भावानेही बोसनबरोबर (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), इंजिनियरबरोबर जेवायला बसावं. केबिनमध्ये एकट्याने बिस्किटं खाऊन राग वाढतो, मळमळही.

तुम्ही रोज छोटा निरोप पाठवा: जेवलास का, झोपलास का, कागद दिलास का. 'बरोबर कोण' याचा निवाडा करू नका.

मात्र धमकी, हात उगारणं किंवा लाइफ जॅकेटशिवाय डेकवर पाठवणं असं काही घडलं, तर तारीख-वेळेसह लिहून ठेवून त्याने मुख्य शास्त्रज्ञाला आणि कंपनीने सुरक्षेसाठी किनाऱ्यावर नेमलेल्या व्यक्तीला लगेच कळवावं. जहाजावर तिला डीपीए म्हणतात. तिचा नंबर सहसा नोटीस बोर्डावर लावलेला असतो. तशी वेळ आली, तर तुम्हीही संचालकांना त्याच दिवशी लिहा.