ठराव झाला म्हणतात, मग कागद दाखवा

नाशिक परिसरातली महापालिका, ग्रामपंचायत आणि त्यांचे कागद यांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्याच अडचणीची पत्रं सर्वांत जास्त येतात.

आमच्या कॉलनीतल्या पावसाळी गटारीचा विषय काही वर्षांपूर्वी महासभेत मंजूर झाला, असं सांगतात. विभागीय कार्यालयात विचारलं की 'निधी नाही' एवढंच ऐकायला मिळतं. मंजूर झाला म्हणजे नेमकं काय झालं आणि खरंखोटं कसं तपासायचं?
– एक वाचक, इंदिरानगर

'मंजूर' हा शब्द महापालिकेत किमान चार वेगळ्या टप्प्यांना वापरतात. त्यातला कोणता टप्पा पार पडला, हे आधी ठरवा.

प्रशासन आधी प्रस्ताव तयार करतं. महापालिकेत त्याला डॉकेट म्हणतात. हे डॉकेट महासभेपुढे, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेपुढे, किंवा काही मोजक्या नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे जातं आणि तिथे ठराव होतो. ठरावाला क्रमांक आणि तारीख असते. लोक 'मंजूर झालं' म्हणतात ते बहुतेक वेळा इथे. पण ठराव म्हणजे पैसे नव्हेत. त्या कामाला अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या कोणत्या खात्यातून) तरतूद आहे आणि त्या शीर्षात रक्कम शिल्लक आहे का, हा वेगळा प्रश्न. तरतुदीपेक्षा जास्त कामं मंजूर झाली की ती 'दायित्व' म्हणून पुढच्या वर्षावर ढकलली जातात आणि नव्या वर्षाचे पैसे आधी जुन्या कामांत जातात. तुमच्या 'निधी नाही'मागे हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, दराला मंजुरी, करारनामा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश. कार्यादेश निघाल्याशिवाय ठेकेदार कुदळ मारत नाही.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ प्रमाणे राज्य शासन महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. ठराव झाला, पण प्रशासनाने तो विखंडनासाठी शासनाकडे पाठवला, असंही होतं. ही गोष्ट कॉलनीत कोणी सांगत नाही.

म्हणून पहिली पायरी: सांगणाऱ्याकडून ठराव क्रमांक आणि तारीख मागा. क्रमांक नसेल तर महिना आणि वर्ष तरी मिळवा. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, नगरसचिव विभागाकडे महासभेची इतिवृत्तं (कामकाजाच्या लेखी नोंदी) असतात. सभेचं इतिवृत्त ठरलेलं शुल्क भरून कोणालाही पाहता येतं, ही तरतूद कायद्याच्या अनुसूचीतच आहे. तारीख मार्च २०२२ नंतरच्या प्रशासकीय राजवटीतली असेल, तर इतिवृत्तात नगरसेवकांची चर्चा सापडणार नाही. त्या काळात महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडे होते. तेव्हा डॉकेट आणि प्रशासकांचा ठराव हेच दोन कागद मागा.

दुसरी पायरी म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. 'काम का झालं नाही?' असं विचारू नका. माहिती अधिकारात 'का'चं उत्तर तयार करून देण्याचं बंधन नाही. जो कागद कार्यालयात आहे तो देण्याचं बंधन आहे. तुमचा मजकूर साधारण असा हवा:

'अमुक कॉलनीतील पावसाळी गटार या कामाबाबत पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात: १) मंजुरीचा ठराव व त्यासोबतचे डॉकेट. २) तरतुदीचे लेखाशीर्ष दाखवणारे पान. ३) तांत्रिक मान्यतेचा आदेश व कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक. ४) कार्यादेश, निघाला नसल्यास फाइलवरील शेवटच्या टिपणीची प्रत. कालावधी: अमुक तारखेपासून आजपर्यंत.'

चौथ्या मुद्द्यातली शेवटची टिपणी सोडू नका. फाइल कोणाच्या टेबलावर आणि कोणत्या शेऱ्यावर अडली, ते त्या एका पानावर कळतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात करा. प्रतींसाठी पानाला दोन रुपये पडतात. ठरावाची प्रत नगरसचिव विभागाकडे आणि कामाची फाइल बांधकाम किंवा मलनिस्सारण विभागाकडे असल्यामुळे दोन वेगळे अर्ज केलेत तर वेळ वाचतो. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचं बंधन त्यांच्यावर आहे, पण त्यावर विसंबू नका.

काम निविदेपर्यंत पोहोचलं असेल तर अर्जाचीही गरज नाही. राज्याच्या महाटेंडर संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने शोधा. निविदेची रक्कम, मुदत आणि उघडल्याची तारीख तिथे दिसते.

महासभेला सामान्य माणसाला बसता येतं का? आणि बोलता येतं का?
– एक वाचक, पंचवटी

बसता येतं. बोलता येत नाही. महासभा जनतेसाठी खुली असते. उपस्थित सदस्यांनी बहुमताने एखादी चर्चा बंद दाराआड घेण्याचा ठराव केला तरच बाहेर जावं लागतं. महिन्याला किमान एक साधारण सभा व्हावी, असा नियम आहे. जागा मर्यादित असते, म्हणून आदल्या दिवशी नगरसचिव कार्यालयात प्रवेशाची चौकशी करून जा.

विषयपत्रिका हातात असल्याशिवाय जाऊ नका. नाहीतर तीन तास बसूनही काय झालं ते कळत नाही, कारण सभागृहात विषय क्रमांकाने पुकारले जातात. पत्रिकेच्या शेवटी येणाऱ्या 'जादा विषयां'वर खास लक्ष ठेवा. ते उशिरा दाखल होतात, त्यांचं डॉकेट वाचायला सदस्यांनाही वेळ मिळालेला नसतो आणि सभा संपत आलेली असताना ते झरझर पुकारले जातात. पीठासनावरून (सभेच्या अध्यक्षांकडून) येणारा शब्द जसाच्या तसा टिपून घ्या: 'मंजूर', 'दुरुस्तीसह मंजूर', 'तहकूब' आणि 'फेरविचारासाठी प्रशासनाकडे परत' यांचे परिणाम पूर्ण वेगळे आहेत. 'दुरुस्तीसह' म्हणजे कोणती दुरुस्ती, ते इतिवृत्त आल्यावरच कळेल. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत प्रत मिळायला अडचण येते, तोवर तुमचं टिपण कामी येतं.

तुमच्या भागाचा विषय चर्चेला यावा असं वाटत असेल तर महासभेपेक्षा प्रभाग समिती जवळची. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिक रोड अशा सहा विभागांच्या सहा समित्या आहेत. पाणी, दिवे, सफाई, छोटी दुरुस्ती हे विषय तिथे निघतात. प्रभागातल्या नगरसेवकाला लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत विभागीय अधिकाऱ्यांना द्या. तोंडी सांगितलेला विषय पत्रिकेवर येत नाही.

आमच्या गावात ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेला जेमतेम २० माणसं होती, तरी ठराव झाले. ते चालतात का? शिवाय घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या.
– एक वाचक, गिरणारे परिसर

पहिल्या भागाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तो. मात्र तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे २० जणांचे ठरावही चालतात. पण तहकूब सभेत मूळ पत्रिकेवरचेच विषय घेता येतात. नवा विषय घुसवला असेल तर तिथे तुमचा आक्षेप टिकतो. म्हणून मूळ सभेची नोटीस जपून ठेवा, फलकावर लागलेली असेल तर तारखेसह फोटो काढा. साधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी आणि असाधारण सभेची चार दिवस आधी निघावी लागते. दवंडी दिली, फलकावर लावली, हे इतिवृत्तात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात लावली होती का, याचा पुरावा मात्र तुमच्याकडेच असू शकतो.

सह्यांचं प्रकरण गंभीर आहे. हजेरीची सही ही ठरावाला संमती मानून पुढे दाखवली जाते. सभेनंतर घरी आलेल्या वहीवर सही करूच नका. सभेत सही करताना वरच्या ओळीत सभेची तारीख आणि विषय लिहिलेले आहेत का ते बघा. कोऱ्या पानावर सही नको. सभा संपण्यापूर्वी ठराव वाचून दाखवा, असा आग्रह धरा. सूचक आणि अनुमोदक कोण, हे मोठ्याने विचारा. विरोध असेल तर तो नावासह नोंदवायला सांगा.

वर्षाला किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत, आणि साधारण ग्रामसभेआधी महिलांची सभाही. चारही सभांची इतिवृत्तं, हजेरी नोंदवही आणि नोटिसांच्या स्थळप्रती (कार्यालयात ठेवलेल्या प्रती) एकत्र मागितल्या की तारखांचा मेळ बसतो की नाही ते दिसतं. पैशांसाठी रोकडवही, म्हणजे नमुना ५, मागा. वित्त आयोगाचा गावाचा आराखडा आणि झालेली देयकं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येतात. तिथली रक्कम आणि रोकडवहीतली रक्कम शेजारी ठेवून बघा. मेळ बसत नसेल तर तक्रार पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, कागदांच्या प्रती जोडून.

देवळाली कॅम्पमधल्या रस्त्याबद्दल माहितीचा अर्ज केला. कोर्ट फी स्टँप लावला होता, तरी शुल्क भरलं नाही म्हणून परत आला. असं का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

कारण तुमचं कार्यालय वेगळ्या नियमांत येतं. नाशिक रोड महापालिकेत, भगूरला स्वतंत्र नगरपरिषद, आणि मधला देवळाली कॅम्प छावणी मंडळाखाली (कँटोन्मेंट बोर्डाखाली). छावणी मंडळ संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, म्हणून तिथे केंद्राचे माहिती अधिकार नियम लागतात. शुल्क दहाच रुपये, पण ते रोख, धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) किंवा भारतीय पोस्टल ऑर्डरने भरायचं. कोर्ट फी स्टँप केंद्राच्या नियमांत नाही. बाकी नियम तुमच्या सोयीचे आहेत. शब्दमर्यादा ५०० आहे आणि पहिल्या अपिलाला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या कार्यालयात पहिल्या अपिलाला २० रुपये लागतात. दुसरं अपील मात्र दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, राज्य आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे नाही.

आधी कोणती संस्था हे ठरवण्याचा हाच धडा अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींनाही लागू आहे. कारखान्याच्या बांधकाम परवानगीचा कागद एमआयडीसीकडे आणि घरपट्टीचा महापालिकेकडे.

'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही' असं उत्तर आलं. दुसऱ्या एका अर्जाला 'फाइल आढळून येत नाही'. आता?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

दोन्ही उत्तरं कायद्यातली नाहीत. माहिती नाकारायची तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ किंवा ९ मधलं कारण द्यावं लागतं, आणि विस्तृत असणं हे त्या यादीत नाही. कलम ७(९) प्रमाणे फार तर माहिती देण्याचं स्वरूप बदलता येतं. तेव्हा वाद न घालता लिहा, 'मला अभिलेखाची पाहणी द्यावी.' पहिला तास मोफत असतो, पुढे दर १५ मिनिटांना पाच रुपये. पाहणीत हव्या त्याच पानांना चिठ्ठी लावा आणि तेवढ्याच प्रती घ्या. ४०० पानांच्या फाइलमधली कामाची पानं बहुधा १५-२० असतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांसह जिल्ह्यातल्या कार्यालयांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितलं होतं. त्याची प्रत जवळ ठेवा आणि जाण्याआधी संबंधित विभागात विचारा.

न सापडणाऱ्या फाइलसाठी दुसरा अर्ज करा. त्यात तीन गोष्टी मागा: त्या फाइलचा अभिलेख वर्ग, आवक-जावक नोंदवहीतली तिची शेवटची नोंद, आणि नष्ट केली असल्यास नाशनाचा आदेश. सरकारी अभिलेखांत 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' पाच वर्षं आणि 'ड' एक वर्ष. मुदत संपण्याआधी नाहीशी झालेली फाइल हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली गुन्हा ठरू शकतो, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. पहिल्या अपिलात हे एक वाक्य लिहिलं की शोध जरा मनापासून होतो.

अपिलाची मुदत चुकवू नका. उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तर न आल्यास ३० दिवसांची मुदत संपल्यापासून, पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं ९० दिवसांत. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा आणि तिथेच पाहणीची तारीख ठरवून घ्या.

झाडावर तोडीची नोटीस चिकटवलेली दिसली. हरकत कुठे आणि कधीपर्यंत घ्यायची?
– एक वाचक, गंगापूर रोड

लगेच. मुदत त्या नोटिशीवरच छापलेली असते आणि ती फार थोड्या दिवसांची असते. हरकत वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेच्या उद्यान विभागात, लेखी द्या. नोटिशीचा क्रमांक, झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि नेमकं ठिकाण लिहा, फोटो जोडा. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण झाडांच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशी झाडं वारसा वृक्ष मानली जातात आणि त्यांचे नियम कडक आहेत. नोटिशीत लिहिलेली झाडांची संख्या आणि जागेवरची संख्या स्वतः मोजा. फरक आढळला तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.