एप्रिल-मेच्या उन्हात केळीचे घड करपतात, सटकतात. पाणी वाढवावं का? हवामान बदलाला शेतकरी काय करू शकतो?

जळगावातल्या रावेरकडची दोन एकर बाग, ऐन उन्हाळ्यात निसवलेली (घड बाहेर पडलेली) आणि पारा ४५ ला टेकलेला, असं तुम्ही लिहिलंय. नुसतं पाणी वाढवून भागत नाही. चाळिशीच्या पुढे मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं, आणि ते उडवतो पश्चिमेकडचा कोरडा वारा. म्हणून आधी वारा अडवा.

पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीच्या दोन ओळी, एका ओळीतलं झाड दुसरीच्या फटीसमोर, केळीपासून चार-पाच फूट लांब. त्याहून जवळ लावली तर ती केळीचंच पाणी पिते. अशी ओळ आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. शेवरी १० फुटांची झाली तर १०० फूट. एक चौरस एकराची बाजू सुमारे २०९ फूट, म्हणजे मध्ये आणखी एक ओळ हवीच. पत्रे ठोकू नका. वारा वरून उसळी मारून आत आपटतो आणि पानं फाडतो. निम्मा वारा गाळणारा अडसर चांगला. यंदा शेवरी नसेल तर ५० टक्क्यांची हिरवी जाळी चालेल. बांधावर काकडी-भोपळा मात्र नको, त्यावरचा मावा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग बागेत आणतो.

घड सटकतो तो बहुतेक दांड्याच्या वाकाशी. तिथे दुपारचं ऊन थेट लागतं, साल काळी पडते, मग वजन पेलत नाही. त्या वाकावर वाळलेली केळीचीच पानं दुमडून सुतळीने बांधा. घडाला पांढरी स्कर्टिंग बॅग घाला, खालून उघडी. बिनभोकाच्या प्लास्टिकमध्ये मे महिन्यात फळ अक्षरशः शिजतं. हिरवी पानं छाटू नका.

मोठ्या झाडाला या दिवसांत रोज २० ते २५ लिटर पाणी लागतं. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७५० च्या आसपास झाडं, म्हणजे एकरी ३५ ते ४४ हजार लिटर. ते पहाटे आणि रात्री विभागून द्या. भर दुपारी काळ्या नळीत तापलेलं पाणी मुळांशी सोडण्यात अर्थ नाही. सौर पंप दुपारीच जोरात चालतो, ही अडचण आहे. शेततळं असेल तर दिवसा भरून ठेवा.

केओलिन, म्हणजे ऊन परतवणारी बारीक पांढरी माती, ८ टक्के, म्हणजे १० लिटरला ८०० ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी फवारता येतं. द्रावण सतत ढवळा, नाहीतर गाळ बसून नोझल तुंबतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हवामान बदलाचा. बागायतदाराच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट युरिया आहे, असं माझं मत. ओल्या जमिनीत युरियातून जादा पडलेल्या नत्राचा (नायट्रोजनचा) काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. दर झाडाला २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. मुठीच्या अंदाजाने टाकणारे सहज त्यापुढे जातात. ठिबकमधून दर आठवड्याला थोडं थोडं दिलं तर कमी नत्रात काम होतं आणि पैसेही वाचतात. कापणीनंतर खोडं पेटवू नका. तुकडे करून दोन ओळींच्या मध्ये पसरा, पुढच्या उन्हाळ्यात तेच आच्छादन.