पापणीवरची लाल गाठ

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात तिच्या डाव्या पापणीवर लाल ठिपका दिसला. आता त्याची फुगीर गाठ झाली असून डोळा अर्धाच उघडतो. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले. एका डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितले आहे. थांबावे का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : थांबू नये. वर्णनावरून हा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ वाटते. तिचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही आणि यात आपला कसलाही दोष नाही. पाठीवर किंवा पोटावर अशी लहान गाठ असती, तर मीही थांबायलाच सांगितले असते, कारण बहुतेक गाठी पहिल्या वर्षानंतर हळूहळू विरतात. पापणीची गोष्ट मात्र वेगळी आहे. या वयात मेंदू डोळ्यांनी पाहायला शिकत असतो. एक डोळा झाकलेला राहिला किंवा गाठीच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलला, तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते, मग पुढे गाठ पूर्ण विरली तरीही. शिवाय गाठीची सर्वांत वेगवान वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते, म्हणून याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावे. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हे दोन्ही विभाग आहेत.

यावरचे मुख्य औषध प्रोप्रॅनोलॉल हे आहे. मुळात हृदयविकार आणि रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या या औषधाने अशा गाठी आकसतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केले. बाळाच्या वजनाप्रमाणे दर किलोला दिवसाला 2 ते 3 मिलिग्रॅम, विभागून, किमान सहा महिने ते द्यावे लागते. त्याआधी हृदयाचे ठोके व रक्तदाब तपासतात. औषध नेहमी दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यावे, कारण उपाशी पोटी बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात बाळांना उलट्या-जुलाब होतात. अशा वेळी, किंवा बाळ दूध पीत नसेल, छातीत घरघर असेल, तर पुढचा डोस न देता आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी अंदाजाने कुटून देऊ नये. गाठीला डाग देणे किंवा लेप लावणे पूर्णपणे टाळावे.

ही गाठ हिमॅन्जिओमाच आहे ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर कदाचित डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, सांगतील. रक्तवाहिन्यांच्या काही विकृती जन्मतःच असतात, बाळाबरोबर वाढतात आणि विरत नाहीत. त्यांवर प्रोप्रॅनोलॉल हा उपाय नव्हे. प्रकारानुसार लेझर, विकृत वाहिन्या बंद करणारी इंजेक्शने किंवा सिरोलिमस हे औषध वापरतात. आपल्या बाळाचा ठिपका जन्मानंतर दिसला आणि झपाट्याने वाढला, हा तपशील त्यामुळे आवर्जून सांगावा. अंगावर अशा पाच किंवा अधिक गाठी असल्यास यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी लागते, आणि हनुवटी-गळ्याभोवती गाठ असून श्वासाला आवाज येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आतापर्यंतचे फोटो तारखांसह सोबत न्यावेत. गाठीच्या वाढीचा वेग त्यांवरूनच उत्तम कळतो.